थांब म्हणणाऱ्या यमुनाक्का

यमुनाक्का मैदानावर यायच्या त्या पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट घालून. साडी घोट्याच्या चार बोटं वर, पदर कमरेला गच्च खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत करडईच्या तेलाची बाटली. शिट्टी त्यांच्याकडे नव्हती. शिट्टीनं पोरी बिचकतात, असं त्यांचं म्हणणं. त्या टाळी वाजवायच्या. एकच टाळी, पण अशी की पलीकडच्या गल्लीत माग खडखडत असले तरी शेवटच्या चौकोनात बसलेली पोरगी मान वर करायची.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिपाईबाई होते. फळे पुसता पुसता अक्षरं ओळखायला लागले आणि मग वाचायलाच लागले, म्हणून आज हे लिहितेय. पण ते असू दे. शाळेच्या मागं मुरमाड मैदान होतं आणि सकाळी तिथं मुलींच्या खो-खोचं मंडळ खेळायचं. फाटकाची किल्ली माझ्याकडं. साडेपाचला मी कुलूप काढायला जावं तर अक्का आधीच फाटकाला टेकून उभ्या. "मावशी, आज दोन मिनिटं उशीर झाला की वो," म्हणायच्या. रोज. घड्याळ दोघींकडंही नव्हतं.

अक्का शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकराच्या घरातल्या. घरी दोन माग होते. नवरा चादरी विणायचा आणि या खाली चटईवर बसून सुताच्या कांड्या भरायच्या. मराठी आपल्यासारखंच बोलायच्या, पण राग आला की तेलुगूवर जायच्या. त्यातला एक शब्द अख्ख्या मैदानाला पाठ झाला होता. आगू. म्हणजे थांब. पोरगी खो मिळायच्या आधी उठली की "आगू!" धाप लागलेली असताना घटाघटा पाणी प्यायला लागली की "आगू!" पोरी पाठीमागं त्यांना आगूअक्का म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं. "म्हणू देत वो," मला म्हणाल्या एकदा. "त्यांना थांब म्हणणारं दुसरं कोण आहे? बाकी सगळी चल चलच म्हणतात."

त्या स्वतः कधी मंडळातून खेळल्या नव्हत्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. "गल्लीत पोरांबरोबर पळायची मी. कुणाला सापडायची नाही. मग एके दिवशी सासूला सापडले." हे सांगून स्वतःच हसायच्या. पुढं कडेवर मूल घेऊन पुरुषांच्या मंडळाचा सराव कुंपणाबाहेरून बघितला, वर्षानुवर्षं. तेवढ्यावर शिकल्या आणि तेवढ्यावर शिकवायच्या.

मंडळाचे दोन संघ होते. धाकट्या संघात कुणीही यावं, खेळावं, घरी जावं. मोठा संघ म्हणजे जिल्ह्याच्या निवडीला जाणारा. त्याला सकाळ-संध्याकाळ सराव, उन्हाळ्यात सुद्धा सुट्टी नाही, परगावच्या स्पर्धा. आपल्या पोरीनं मोठ्या संघात असावं म्हणून लोक धडपडायचे. तर पोरीला मोठ्या संघात कधी घ्यायचं हे अक्का ठरवायच्या, आणि तिथंच त्यांचं सगळ्यांशी वाजायचं. मंडळाचे चिटणीस म्हणायचे, नऊ-दहाची असतानाच घ्या, अंग वाकतं. आया म्हणायच्या, पदर यायच्या आत काय खेळायचं ते खेळू द्या, नंतर घरचे सोडायचे नाहीत. अक्का म्हणायच्या, तेरा पूर्ण झाल्याशिवाय नाही. "घाई मागावर करा. धागा तुटला तर गाठ मारता येते."

त्यांची पद्धत सांगते. नव्या पोरीनं आधी सहा महिने रिकामा डबा घेऊन यायचं आणि मैदानातले खडे वेचायचे. आयांना वाटायचं, फुकट राबवून घेते. तसं नव्हतं. पोरगी खडा उचलायला वाकते कशी, टाच टेकवून बसते का चवड्यावर, उठताना हात टेकते का, हे अक्का लांबून बघायच्या. मग एक दिवस पोरीला समोर उभी करायची, तळहाताला तेल लावायचं, आणि गुडघ्याच्या खाली जिथं हाडाचा उंचवटा असतो ना, तिथं अंगठा रोवायचा. "दुखतंय?" दुखतंय म्हणाली की बस. वाढत्या हाडाला ओढ बसते, आत्ता नाही, सहा महिन्यांनी ये. हे त्यांना कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. पोरींचे पाय चोळून चोळून त्यांना कळलं होतं.

एकदा एक कचेरीतले साहेब आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. नवे कोरे बूट, पांढरीशुभ्र चड्डी, आणि साहेबांच्या हातात कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी. अक्कांनी चिठ्ठी वाचली. नीट घडी घातली. ती घडी पोरीच्या गुडघ्याखाली ठेवली आणि वरून अंगठा दाबला. पोरगी "आई गं" करून ओरडली. "साहेब, चिठ्ठी लावून सुद्धा दुखतंय की वो," अक्का म्हणाल्या. साहेब लालबुंद. पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी एकटीच आली, डालड्याचा डबा घेऊन.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, बाई भारी ठाम. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण विमलचं झालं तेव्हा मी त्यांना आतून बघितलं.

विमल पळायला फार चांगली होती. पण चौदा झाले तरी तिचा गुडघा दुखायचा थांबेना. अक्का अंगठा दाबायच्या आणि म्हणायच्या, अजून सहा महिने. असं तीनदा झालं. तिसऱ्या सहा महिन्यांत, वैशाखात, तिचं लग्न उरकलं नातेपुत्याला. अक्का एसटीनं लग्नाला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी फाटकाशी मला म्हणाल्या, "मांडवात माझ्याकडं बघून हसली वो ती. राग नव्हता तिला. राग असता तर बरं झालं असतं." त्या दिवशी पोरींना खेळवलंच नाही, नुसते खडे वेचायला लावले. त्यानंतर कुठलीही आई आली की अक्कांचा पहिला प्रश्न बदलला. वय किती, हे नंतर. आधी, "घरात म्हातारं कोण आहे?" पोरीला घरात घालायची, लग्न उरकायची घाई त्यांचीच असते.

दुष्काळाच्या साली माढ्याकडची बरीच माणसं शहरात आली. त्यात काशीबाई आणि तिचा नवरा, दोन मुली आणि सासू. नवऱ्याला गिरणीत काम मिळालं, आमच्याच चाळीत खोली मिळाली. मुली आमच्या शाळेत घालायच्या होत्या. मोठी मंगल, बाराची. धाकटी रंजना, दहाची. मी त्या दिवशी कचेरीत पाणी द्यायला गेले होते, म्हणून मला हे ठाऊक.

नवरा क्लार्कला म्हणाला, "दोगींना एका वर्गात बसवा. गावाकडं बी एकाच पुस्तकावर शिकल्यात."

क्लार्क म्हणाला, "धाकटीचं वय बसत नाही."

"मग बसवा की सायेब. पुस्तकं एकदाच घ्यायाची."

गावच्या शाळेचा दाखला त्यांच्याकडं नव्हताच. क्लार्कनं दोघींचीही जन्मतारीख एक जून टाकली, त्या काळी सगळ्यांचीच टाकायचे, आणि साल एकच. "घ्या, जुळ्या झाल्या," म्हणाला. सगळे हसलो. मी पण हसले. असं घरोघरी होत होतं, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. त्यातून रंजना अंगानं उफाड्याची, मंगलपेक्षा दोन बोटं उंच. बघणाऱ्याला शंका यायची सोयच नव्हती.

रंजना मैदानावर आली ती खडे वेचायलाच. पण सहा महिन्यांत धाकट्या संघात तिला शिवणारं कुणी उरलं नाही. ती सरळ पळायचीच नाही. अंगावर येणारी पोरगी एका बाजूला झुकली, की ही दुसऱ्या बाजूनं जायची, वाऱ्यावर कागद जावा तशी. चिटणीस अक्कांच्या मागं लागले. जिल्ह्याची निवड जवळ आली होती. आणि एके सकाळी काशीबाई स्वतः आली, हातात शाळेचा कागद घेऊन.

"अक्का, पोरीला मोट्या संगात घ्या."

"घरात म्हातारं कोण आहे?"

"सासू हाय की. लई कडक. पोरगी शाणी झाली की मैदान बंद, आत्तापास्नंच बजावलंय तिनं. वरीस न्हाय तर दीड वरीस हाय पोरीच्या हातात."

"वय?"

"तेरा सरलं. ह्यो कागद."

अक्कांनी कागद बघितला. मग रंजनाला समोर उभी केली, तळहाताला तेल लावलं आणि अंगठा रोवला. "दुखतंय?"

"न्हाय."

"खरं सांग, पिल्ला." पिल्ला म्हणजे त्यांच्यात पोरगी.

"न्हाय दुखत, अक्का."

अक्का तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तोंडावर काही नव्हतं. मी मागं उभी होते. मला तिची मूठ दिसत होती, फ्रॉकचा कोपरा आवळून धरलेली, बोटं पांढरी पडलेली.

मग अक्का माझ्याकडं वळल्या. "मावशी, दाखला तुमच्याच शाळेचा. तेराच ना?"

काशीबाई माझ्याकडं बघत होती. रंजना बघत होती. मी म्हणाले, "दाखल्यावर तेराच आहे."

खोटं बोलले नाही मी. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते काही सांगण्यासारखं नाही.

सात महिने रंजना मोठ्या संघातून खेळली. जिल्ह्याच्या निवडीत सगळ्यांत लहान चणीच्या मुलीही तिच्यापेक्षा वयानं मोठ्या होत्या, पण हे मलाच माहीत. बार्शीला स्पर्धा झाली तेव्हा हिला बाद करायला समोरच्या संघाचे अख्खे डाव संपले. अक्का घरी नवऱ्याला मैदान आखून दाखवायच्या म्हणे, कांड्या मांडून. ही कांडी रंजना, ही कांडी पाठलाग करणारी. तो बिचारा माग थांबवून बघायचा. त्या सात महिन्यांत अक्कांच्या तोंडून आगू हा शब्द मी फार कमी ऐकला.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी, साधाच सराव होता, रंजनानं खांबाला वळसा घेतला आणि सुटण्यासाठी उजव्या पायावर उसळी मारली. जुनं कापड टरकावं तसा आवाज झाला. मी फाटकापाशी होते, तिथं मला ऐकू आला. ती खाली बसली आणि गुडघ्याकडं नुसती बघत राहिली. ओरडली नाही. ओरडल्या त्या अक्का.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखालचा हाडाचा तुकडा ओढीनं सुटून आलाय. हे आधीपासून दुखत असणार. वय काय हिचं? अक्का म्हणाल्या, तेरा सरून चौदावं. आणि काशीबाई भिंतीशी उकिडवी बसली होती ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "न्हाय वो डाक्टर. अकरा सरून बारावं हाय."

अक्का हळूच तिच्याकडं वळल्या. काशीबाईला रडू आवरेना. "करकंबच्या बाजारात बैल घ्येताना बी मानूस दात बघतंय, अक्का. तुमी कागद कशाला बघितला वो?"

तो कागद हिनंच आणून दिला होता. पण रडणाऱ्या बाईला उलट कोण विचारणार? अक्का म्हणाल्या, "चुकलं, बाई." तेवढंच.

बाहेर नळाशी मला गाठलं त्यांनी. "मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

त्यांनी नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, परत मारलं. मी मनाची तयारी केली होती, चार शब्द बोलतील, तेलुगूत बोलतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं असतं तर मी घेतलं नसतं. मग म्हातारीनं दीड वर्षात तिला घरात घातली असती. मग मी तुम्हालाच येऊन विचारलं असतं, का सांगितलं म्हणून." आणि नळ तसाच सोडून चालायला लागल्या.

प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा आखडला होता. थोडा वाकायचा, पण मांडी घालता यायची नाही. अक्का वर्षभर रोज संध्याकाळी आमच्या चाळीत यायच्या आणि तिचा पाय चोळायच्या. काशीबाईची सासू पहिल्यांदा दारातून आत घेईना. मग घेऊ लागली, पण चहा द्यायची नाही. अक्कांनी चहाची वाट कधी बघितलीही नाही.

एकदा पाय चोळता चोळता त्यांनी रंजनाला विचारलं, "दुखत होतं ना तुला त्या दिवशी?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी घेतलं नसतं की."

"मग आज धडधाकट चालली असतीस."

रंजना म्हणाली, "पर पळले कवा असते?"

अक्कांनी तळहातावर आणखी तेल घेतलं आणि पाय चोळत राहिल्या. मी तांदूळ निवडत बसले होते, माझे हात थांबले.  दुसऱ्याच आठवड्यात अक्कांनी चिटणीसांना सांगून टाकलं, मी शिकवीन, पण कुणाला कधी घ्यायचं ते आता तुम्ही ठरवा. रंजनाचा पाय मोडल्यापासून तोवर त्या पोरींचे दात बघायला लागल्या होत्या. "आ कर," म्हणायच्या आणि मागच्या दाढा मोजायच्या. बाप लोक हसायचे. मग तेही बंद झालं.

चिटणीसांनी नवव्या-दहाव्या वर्षीच पोरी घ्यायला सुरुवात केली. आणि खरं ते सांगायला हवं. त्यातल्या दोघी पुढं राज्याच्या संघात गेल्या, गुडघे अगदी शाबूत. अक्का मला म्हणाल्या, "बघा, काय कळतं वो मला?" चिडून नाही, खरंच विचारल्यासारखं. मी म्हणाले, "आणि ज्यांचे गुडघे गेले त्या?" तर म्हणाल्या, "त्यांना कुणी मोजत नाही. मी पण मोजलं नाही." मंडळात त्या आणखी दोन-तीन वर्षं आल्या. फाटकापाशी आता मी आधी पोचायचे.

रंजना अठराची झाली, खरोखरच्या अठराची, तेव्हा तिला स्थळ आलं. मुलगा शहरातलाच, एसटीच्या वर्कशॉपात. बापानं ठरवलं, पाय दाखवायचा नाही. मुलगी उभ्यानं पोहे देईल, नाव सांगेल, आत जाईल. बघायला माणसं आली तेव्हा अक्का आणि मी शेजारणी म्हणून कोपऱ्यात होतो. रंजनानं पोहे दिले, नाव सांगितलं, आणि आत वळली.

"पोरीला खाली बसायला सांगा," अक्का म्हणाल्या.

 काशीबाई डोळ्यांनी विनवत होती. अक्का पाहुण्यांकडं बघून म्हणाल्या, "तिला मांडी घालता येत नाही. आत्ताच बघून घ्या. मैदानावर मोडलाय पाय, लहान वयात. संघात मी घेतली होती तिला."

मुलाच्या बापानं विचारलं, "पळायची का लई?"

"तुमच्या मुलाच्या हाताला लागली नसती."

मुलगा हसला. बाकी कुणी हसलं नाही. दीड महिना काही निरोप आला नाही, आणि तो दीड महिना काशीबाई अक्कांशी बोलली नाही. मग होकार आला.

लग्न चाळीच्या पटांगणात झालं. होमाच्या वेळी नवरीला पाटावर बसवली तर उजवा पाय सरळ पुढं. मुलाकडच्या म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या. अग्नीकडं पाय करून कुणी बसतं का, अशानं भलं होतं का. एकीनं उठून त्या पायावर शालू ओढला. दुसरी म्हणाली, जरा दाबून बघा, वाकंल. रंजना मान खाली घालून बसली होती. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

अक्का मागं बसल्या होत्या, इरकली नेसून. उठल्या, बायकांमधून वाट काढत पुढं आल्या आणि करवलीला बाजूला सरकवून रंजनाच्या शेजारी जमिनीवर बसल्या. आणि आपला उजवा पाय सरळ पुढं पसरला, अग्नीकडं.

"अहो बाई, पाय," एक म्हातारी म्हणाली.

"माझा पण दुमडत नाही," अक्का म्हणाल्या. "वय झालं."

जन्मभर चटईवर मांडी घालून कांड्या भरलेली बाई. म्हातारी मुकाट्यानं मागं सरली. वयापुढं काय बोलणार? भटजींनी एकदा दोन्ही पायांकडं बघितलं आणि पुढचा मंत्र म्हणायला लागले. होम चांगला तासभर चालला. अक्का हलल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर उठायला गेल्या तर पाय बधिर झालेला. दोघींनी धरून उठवलं. मुलाकडची एक बाई मला हळूच म्हणाली, "ह्यांचा बी पाय अधूच दिसतोय, न्हाय का?"  अक्का जेवायला थांबल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात मी माझ्या लेकीकडं परगावी राहायला गेले, त्यामुळं आमची परत गाठ पडली नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या मांडवाबाहेर पडतानाच्या. लंगडत. पाहुण्यांच्या पंगतीवरून, कोपऱ्यावरच्या पानपट्टीवरून, पार वळणापर्यंत. एवढ्या वेळात पायाला कधीच जाग आली असणार. तरी मागून कुणी बघत असेल म्हणून ती बाई लंगडतच चालली होती.